आकसपट्टी

शिवाजी उद्यमनगरात, पत्र्याच्या तिसऱ्या शेडमध्ये
बाबालाल शिकलगार मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी
माझ्या हातात एक खोटी पट्टी दिली.

दिसायला साधीच. स्टीलची, कडेला गंज,
तीस सेंटिमीटरच्या खुणा, सरळ, शहाण्या.
मी पिशवीतली माझी काढून तिच्याशेजारी ठेवली,
आयटीआयची, दोन वर्षं घासलेली.
शून्याला शून्य जुळलं.
पाचाला पाच, जवळजवळ.
शेवटाला येईतो तिचे तीस
माझ्या तिसाला ओलांडून तीन मिलिमीटर पुढं,
बाजाराला निघालेल्या बाईसारखे,
मागं वळून न बघता.

"चुकीची हाय मिस्त्री ही."
"पट्टी बरोबर हाय. लोखंड चुकतंय."

मग बशीतला चहा संपवून त्यांनी सांगितलं,
साच्यात ओतलेलं लोखंड निवताना अंग चोरतं.
शंभराला एक.
म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आधीच.
आणि दर वेळी कोण गणित घालत बसणार,
म्हणून कुणीतरी कधीतरी
पट्टीच ताणून घेतली.
"पितळेची येगळी. ॲल्युमिनियमची येगळी.
ज्याचा त्याचा आकस."

आकस म्हणजे मनातली अढी, असं लिहून
सातवीत मी एक मार्क मिळवला होता.
सागवानावर रंधा मारताना दिवसभर तेच डोक्यात:
कुणावर धरत असेल लोखंड?
साच्यावर? वाऱ्यावर?
की लाल असताना जेवढं होतं
तेवढं आता नाही, याच्यावरच?

आणि गुऱ्हाळातली ढेप थंड झाल्यावर
बादलीतून अलगद कशी सुटते,
हे मला विसाव्या वर्षी, उसापासून दूर,
भुश्श्यात उभं राहून कळलं.

रविवारी पट्टी चुकून पिशवीतून घरी आली.
उद्यमनगराची सुट्टी सोमवारी.
सकाळी इंद्रजितबरोबर रंकाळ्यावर गेले.
तो कठड्यावर कागद मांडून पाणी रंगवत होता,
पाण्यापेक्षा फारच निळं.
"एवढं गडद कशाला?"
"वाळलं की उतरतं, ताई."
"किती?"
त्यानं ब्रश दातात धरला, खांदे उडवले.
"पट्टी हाय तुझ्याकडं?"
"न्हाई. बघून बघून कळतंय."
मी थांबले. अर्ध्या तासात कागदावरचं पाणी
हळूहळू समोरच्या पाण्याएवढं झालं.
एक म्हैस त्यातून बाहेर आली, अंग झाडलं,
चित्रावर चार थेंब.
इंद्या तिला शिव्या देत राहिला, मी मात्र
ते चार थेंब फिके पडताना बघत होते.

संध्याकाळी अक्काची समिधा
चौकटीला टाचा लावून उभी राहिली. मोज म्हणाली.
हाताला लागली ती नेमकी खोटी पट्टी.
तीनदा मांडली, वर दहा.
शंभर.
मग साधीनं मोजलं. एकशे एक.

"मावशी, माझा एक कुठं गेला?"

डोक्यावर हात ठेवला तर केस घामानं चिकटलेले,
दिवसभराचं ऊन त्यात मुरलेलं.
"कुठं न्हाई गेला. अजून निवायचीयस तू."
"मी न्हाई निवणार," म्हणत ती जिन्यावरून
धडाधडा खाली, चप्पल एकाच पायात.

चौकटीवर तिच्या डोक्याची रेघ ओढली.
तिच्याखाली बोटभर लाकूड सोडून
खऱ्या पट्टीचं शंभर.
मधल्या जागेत काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.

मंगळवारी पट्टी परत केली.
मिस्त्रींनी ती बाहीला पुसली, उजेडात धरली.
"घरी काय मोजलंस?"
"अक्काची पोरगी."
त्यांनी कानामागची पेन्सिल काढली,
वहीचं पान उलटलं,
आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं,
"धातू कुठला?"